विजेची वेळ कोणी पाळायची?

महाराष्ट्रात घड्याळ बघून वीज वापरणारा सर्वांत मोठा वर्ग कोणता, असं विचारलं तर उत्तर शहरात सापडणार नाही. जुन्नरच्या उसात किंवा परभणीच्या हरभऱ्यात रात्री अकराला बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी हा तो वर्ग. पंपाला लागणारी थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हे वेळापत्रक फिडरप्रमाणे, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीप्रमाणे ठरतं आणि गावात व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडतं. वीज कंपन्यांच्या भाषेत याला ‘भार व्यवस्थापन’ म्हणतात. संध्याकाळी शहरांचे दिवे, पंखे आणि एसी चालू असताना शेतीच्या मोटारी बंद ठेवायच्या आणि शहर झोपलं की सोडायच्या, असा हा सरळ मामला आहे. बिबट्या, साप, थंडी आणि जागरण या गोष्टी त्या तक्त्यात बसत नाहीत, म्हणून त्यांची नोंद नाही.

शेतीला वीज स्वस्त मिळते, आता तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत मिळते, मग कसली तक्रार, असा प्रश्न येईल. शेतीची वीज स्वस्त आहे हे खरंच आहे. पण त्या स्वस्ताईत रात्रीच्या जागरणाची किंमत धरलेली आहे, असं कोणत्याही दरपत्रकात लिहिलेलं नाही. शेतकऱ्याशी कोणी सौदा केला नव्हता. फिडर बंद करता येत होता, म्हणून केला.

हे आधी सांगायचं कारण असं, की आता हीच मागणी शहरांकडे आणि घरांकडे वळते आहे. वेळ बघून वीज वापरा, दुपारी वापरा, संध्याकाळी हात आखडता घ्या. मागणी चुकीची नाही. ती कोणाकडे, कशाच्या बदल्यात आणि कोणत्या क्रमाने केली जाते, एवढ्यावर माझा वाद आहे.

मागणीमागचं कारण समजायला अवघड नाही. सौर ऊर्जा स्वस्त झाली आणि राजस्थान-गुजरातपासून आपल्या माळरानांपर्यंत पॅनेलं पसरली. त्यामुळे दुपारी वीज मुबलक असते. वीज बाजारात भर दुपारी युनिटचा भाव दोन-अडीच रुपयांवर, कधी त्याच्याही खाली जातो. सूर्य मावळतो आणि नेमक्या त्याच वेळी माणसं घरी येतात. मग तोच भाव बाजाराच्या 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. 30 मे 2024 रोजी देशाची मागणी 250 गिगावॉटला, म्हणजे अडीच लाख मेगावॉटला भिडली, तेव्हा दुपारी सूर्याने हात दिला. खरी तारांबळ त्यानंतरच्या तासांत असते. कोयनेचं पाणी याच तासांसाठी राखून वापरतात. पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने घातलेली मर्यादा आहे, ते हवं तेवढं सोडता येत नाही. घाटघरचा उदंचन प्रकल्प स्वस्त वीज असताना पाणी वर चढवतो आणि टंचाईच्या तासांत खाली सोडून वीज करतो, पण त्याची क्षमता 250 मेगावॉट. म्हणजे संध्याकाळी चार-पाच तास वीज पुरावी एवढ्यासाठी नवी औष्णिक केंद्रं बांधा, बॅटऱ्या घ्या, नाहीतर त्या तासांतला वापर थोडा इकडेतिकडे करा. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त. त्याला गणिताचा विरोध नाही, माझाही नाही.

केंद्र सरकारने जून 2023 मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल केले. दिवसाच्या सौर तासांत दर किमान 20 टक्के कमी, गर्दीच्या तासांत जास्त. मोठ्या व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना एप्रिल 2024 पासून, शेती सोडून बाकीच्यांना एप्रिल 2025 पासून, आणि स्मार्ट मीटर बसला की लगेच. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाचा दरांचा आदेश मार्च 2025 मध्ये निघाला, स्थगित झाला आणि जूनमध्ये बदलून आला. त्यानुसार स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना 1 जुलैपासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत जाहीर झाली.

आता ही सवलत एका घरात आणून बघू.

दोन खोल्यांचं घर, नवरा-बायको दोघं नोकरीला, महिन्याला दीडशे-दोनशे युनिट. यातलं दुपारी ढकलता येण्यासारखं काय आहे? गिझर नाही. सकाळी सातची आंघोळ दुपारी बाराला करायची तर नोकरी सोडावी लागेल. संध्याकाळचा दिवा, पंखा, टीव्ही नाही. मिक्सर, इंडक्शन नाही. राहिलं वॉशिंग मशीन. थंड पाण्यावर एक फेरा साधारण अर्ध्या युनिटच्या आत उरकतो. महिन्यात पंधरा वेळा कपडे लावले तर सात युनिट. ते सगळेच्या सगळे दुपारी लावले तर वाचले सात रुपये. सात रुपयांसाठी कोणी दुपारी घरी थांबत नाही. थांबणारं माणूस असलंच तर ते बहुधा घरातली बाई असतं, आणि तिच्या दुपारच्या तासभर विसाव्यावर कोणाचा डोळा असू नये. फ्रिज चोवीस तास चालतो, त्याचा साधारण तिसरा हिस्सा काहीही न करता सवलतीत बसतो. म्हणजे घराला मिळणारी बरीचशी सवलत ही वागणूक बदलल्याबद्दल नाही, दुपारी घरात कोणीतरी आहे किंवा फ्रिज आहे याबद्दल मिळते. मिळू दे, वाईट काही नाही. पण याला ‘ग्राहकांचा सहभाग’ म्हणू नये.

घरात विजेवर चालणारी स्कूटर असेल तर गणित थोडं बदलतं. तिला महिन्याला चाळीस-पन्नास युनिट लागतात. पण स्कूटर दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि तिथे प्लग नसतो. मग ती संध्याकाळी आठला घरी येऊन लागते, नको त्याच वेळेला. इथे स्कूटरवाल्याला उपदेश करून काय होणार? प्लग ऑफिसमध्ये पाहिजे.

मग लोक ऐकत नाहीत, असा निष्कर्ष काढायचा का? अजिबात नाही. 5 एप्रिल 2020 ची रात्र आठवा. टाळेबंदी होती, पंतप्रधानांनी नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे घालवायला सांगितलं. वीज वाचवणं हा त्यामागचा हेतूही नव्हता. देशाची मागणी 12 ते 14 हजार मेगावॉटने उतरेल असा भार नियंत्रकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती 31 हजार मेगावॉटने उतरली. जलविद्युत केंद्रांनी भराभर उत्पादन उतरवून आणि लगेच पुन्हा चढवून ग्रिड सांभाळली, नाहीतर अंधार खरोखरचा झाला असता. आपल्या लोकांना स्विच बंद करता येत नाही, असं यापुढे कोणी म्हणू नये. काय करायचं, किती वेळ करायचं आणि शेजारीही करणार आहे का, या तीन गोष्टी स्पष्ट असल्या की काम होतं. अर्थात रोज संध्याकाळी सात ते अकरा दिवाळीचा उत्साह टिकत नसतो. नऊ मिनिटांची गोष्ट वर्षभराच्या धोरणाला पुरत नाही.

ब्रिटनमध्ये 2022-23 च्या हिवाळ्यात, गॅस महागलेला असताना, ग्रिड चालवणाऱ्या कंपनीने घरांना आदल्या दिवशी कळवून एखाद-दुसऱ्या तासात वापर कमी करायला सांगितलं आणि त्याचे पैसे दिले. 16 लाख घरं आणि व्यवसाय त्यात उतरले. चाचणीसाठी ठरलेला भाव वाचलेल्या युनिटमागे 3 पौंड, म्हणजे साधारण तीनशे रुपये होता. आपल्याकडे तेवढे द्यावेत असं कोणी म्हणणार नाही. पण तिथे सौदा उघड होता: अमुक तास, अमुक पैसे, नको असेल तर नाव देऊ नका.

आणि असा उघड सौदा आपल्याकडे झालेलाच नाही असंही नाही. 2006 मध्ये, राज्यभर लोडशेडिंगने जीव नकोसा केला होता तेव्हा, पुण्यात एक वेगळी वाट काढली गेली. कारखान्यांकडे स्वतःची जनित्रं होती. त्यांनी ती गर्दीच्या वेळी चालवायची, म्हणजे तेवढी ग्रिडची वीज शहराला मोकळी होईल. जनित्राच्या महागड्या विजेचा जादा खर्च शहरातल्या जास्त वापराच्या ग्राहकांनी बिलातून भरायचा, लहान वापराच्या घरांना त्यातून वगळायचं. हे सगळं आयोगापुढे जाहीर सुनावणीत मांडलं गेलं, त्यावर भांडणं झाली, आकडे तपासले गेले, मग लागू झालं. पुणं लोडशेडिंगमुक्त झालं. त्यावरही टीका करता येते. ज्या शहराकडे पैसे, त्यालाच उजेड, असं म्हणता येतं, आणि त्यात तथ्य आहे. पण कोण काय देतो आणि कोणाला काय मिळतं हे कागदावर होतं. पुणेकरांनी जादा पैसे भरले आणि फारशी कुरकुरही केली नाही. पुणेकरांच्या बाबतीत हा चमत्कारच म्हणायचा.

याच्या अगदी उलट स्मार्ट मीटरचं झालं. महावितरणने सव्वादोन कोटींच्या आसपास मीटर बदलायचं ठरवलं, हजारो कोटींची कंत्राटं दिली आणि मग लोकांना कळलं की हे मीटर प्रीपेड असणार, मोबाइलसारखं रिचार्ज करायचं. गावोगाव मोर्चे निघाले. जून 2024 मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. त्यानंतर टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारे) मीटर म्हणून स्मार्ट मीटर बसू लागले, बिल महिन्याअखेर येणारं, आणि सवलतीची गोष्ट त्यानंतर आली. क्रम उलटा झाला. आधी ‘दुपारी वीज स्वस्त देतो, ती मोजायला वेगळा मीटर लागेल, हवा का?’ असं विचारलं असतं, तर निदान काही लोकांनी मीटर मागून घेतला असता. आधी मीटर भिंतीवर आला आणि फायदा मागून शोधला गेला, म्हणून लोकांना त्या फायद्यावरच संशय आला. वायरमन दारात येऊन ‘मीटर बदलायचाय’ म्हणाला की बायामाणसं दार लावून घेतात, त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी एकदा लाईट बिल हातात घेऊन बघावं.

खरंच बघावं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, त्या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. शंभर युनिटपर्यंत एक दर, तिथून तीनशेपर्यंत दुसरा, पुढे तिसरा. इंधन समायोजन आकार दर महिन्याला वेगळा असू शकतो. गेल्या महिन्यापेक्षा बिल दोनशे रुपयांनी जास्त का आलं, हे यातून ओळखणं एखाद्या कॉमर्सच्या पदवीधरालाही जड जाईल. यात आता दिवसाच्या सवलतीची आणखी एक ओळ आली. समजा या महिन्यात पंचवीस रुपये सवलत मिळाली आणि त्याच महिन्यात इंधन आकार चाळीस रुपयांनी वाढला. ग्राहकाला काय दिसणार? नवा मीटर आला आणि बिल वाढलं. ते चुकीचं असलं तरी त्याच्या जागी बसून तेच दिसतं. जुना मीटर शेजारी काही महिने ठेवून दोन्हींचे आकडे त्या घरालाच वाचू दिले, तर अर्धा वाद तिथेच संपेल. शिवाय हा मीटर दिवसभरातला वापर तुकड्यातुकड्याने नोंदवतो. घर कधी रिकामं असतं हे त्यावरून कळू शकतं. ती नोंद कोण पाहतं आणि किती दिवस ठेवतं, हे मराठीत एका पानावर छापून द्यायला कोणाची हरकत असावी?

उद्योगांचा अनुभवही इथे बोलका आहे. वर्षानुवर्षं आयोगाने त्यांना सांगितलं, रात्री वापरा. रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपया सवलत होती. जालन्याच्या स्टीलच्या भट्ट्यांनी, कोल्हापूरच्या फौंड्र्यांनी आपल्या पाळ्या त्याप्रमाणे लावल्या. आता घड्याळ उलटं फिरलं, सवलत दिवसाला गेली. सौर ऊर्जेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण भट्टीची पाळी बदलणं म्हणजे कामगारांचं घर, जेवण, बस, सगळं बदलणं. ज्याने काल सांगितलेलं ऐकलं त्याला आज त्याबद्दल फटका बसला, तर उद्या तो ऐकणार नाही.

ऐकवून घ्यायची सवय आणि विश्वासाचा अभाव एकत्र आले की काय होतं, हे शेतावर रोज दिसतं. रात्री वीज येईल त्या क्षणी मोटार सुरू व्हावी म्हणून शेतकरी ऑटो स्विच बसवतात. कल्पना चांगली आहे, जागरण वाचतं. पण फिडर चालू होताच शेकडो मोटारी एका सेकंदात ओढायला लागतात, डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) जळते आणि पुढे पंधरा दिवस कोणालाच पाणी मिळत नाही. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, अशी आवाहनं महावितरण वर्षानुवर्षं करतं आहे. माझा स्विच मी काढला आणि शेजाऱ्याने ठेवला तर माझं शिवार कोरडं राहणार. मग कोण काढेल? त्याच ऑटो स्विचला प्रत्येक मोटारीमागे दोन-दोन मिनिटांचा फरक ठेवणारं साधं टायमर सरकारने स्वस्तात दिलं असतं, तर आवाहनांची गरज पडली नसती.

इथे मला जे म्हणायचं आहे ते येतं. घरांकडून काटकसर मागा आणि पंपांकडून वेळ मागा. सध्या दोन्ही मागण्या सगळ्यांकडे सरसकट केल्या जातात, म्हणून कोणाकडूनच काही मिळत नाही.

घरांनी काटकसर करायची म्हणजे दिवे घालवत फिरायचं नाही. 2015 मध्ये ‘उजाला’ योजना आली तेव्हा लोकांना व्याख्यानं दिली नव्हती. सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केली, आणि जो एलईडी बल्ब तिला तीनशे रुपयांच्या वर पडत होता तो दोनेक वर्षांत चाळीसच्या खाली आला. लाईट बिल दाखवा, टेबलावरून बल्ब घ्या. देशभरात 36 कोटींहून जास्त बल्ब गेले. आज कोणाला आठवतही नाही की आपण वीज बचतीत भाग घेतला. तेच पंख्याचं करता येईल. साधा पंखा 75 वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारीचा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. जानेवारी 2023 पासून पंख्यांवर तारांकन सक्तीचं आहे, पण दुकानात गिऱ्हाईक किंमत विचारतं आणि दीड हजारावर थांबतं. एक कोटी पंखे बदलले तर संध्याकाळच्या गर्दीतून साडेचारशे मेगावॉट कमी होतात. घाटघरच्या जवळजवळ दुप्पट, आणि एकही गाव न उठवता. 2023 मध्ये एक कोटी पंख्यांचा सरकारी कार्यक्रम जाहीरही झाला, पण बल्बासारखं टेबल काही कोपऱ्याकोपऱ्यावर दिसलं नाही. आणि भाड्याच्या घरांचं काय? पंखा मालकाचा, बिल भाडेकरूचं. मालकाला महागडा पंखा घ्यायचं काहीच कारण नाही. पुण्यातल्या, नवी मुंबईतल्या लाखो भाड्याच्या खोल्यांत जुनेच पंखे घरघरत राहणार, जोवर हप्त्याने पंखा घेऊन तो हप्ता बिलातून वळता करण्याची सोय होत नाही. एसी 20 अंशांच्या खाली जाऊ नये असं केंद्रीय मंत्री मनोहरलाल खट्टर जून 2025 मध्ये म्हणाले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! एसी नसलेल्या घरांची संख्या या देशात कितीतरी जास्त आहे. त्यांच्या पंख्याबद्दल गदारोळ होत नाही.

आणि वेळ पंपांकडून मागायची, कारण पाणी साठवता येतं. चाळीस फ्लॅटची एखादी सोसायटी घ्या. खाली टाकी, वर टाकी, मध्ये साडेसात अश्वशक्तीची मोटार. वरची टाकी रिकामी होत आली की वॉचमन बटण दाबतो, किंवा लेव्हल कंट्रोलर आपोआप सुरू करतो, म्हणजे संध्याकाळी सात-आठला, सगळी घरं भांडी घासत असताना. रोज चार तास मोटार चालली तर महिन्याला साडेसहाशे युनिट. हीच मोटार सकाळी दहानंतर आणि पुन्हा पाचच्या आधी चालवली, तर कोणाच्याही नळाला फरक पडणार नाही, आणि सवलतीच्या दराने पाचशे-सहाशे रुपये वाचतील. हजारभर रुपयांचं टायमर दोन महिन्यांत वसूल. कोणाची दुपार मोडत नाही, कोणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. हेच नगरपालिकांच्या पाणीपुरवठ्याचं, ग्रामपंचायतींच्या नळपाणी योजनांचं, शीतगृहांचं, पिठाच्या गिरण्यांचं. आणि हेच शेतीचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत फिडरजवळ सौर प्रकल्प उभारून दिवसा वीज द्यायची आहे. ती वेळेत झाली तर राज्यातला सर्वांत मोठा पंपभार आपसूक दुपारी येईल, आणि ज्याने इतकी वर्षं रात्र दिली त्याला ती परत मिळेल.

मग नवे मीटर कुठे आधी लागायला हवे होते? सोसायट्यांच्या सामायिक मीटरला, पाणीपुरवठा केंद्रांना, शीतगृहांना, कार्यालयांच्या चार्जिंगला. जिथे वेळ बदलल्याचा पैसा पहिल्याच बिलात दिसतो आणि सचिव किंवा सरपंच तो सभेत वाचून दाखवू शकतो. पण मीटर कंत्राटाच्या हिशेबाने बसतात, आणि कंत्राटाला दोन पंखे-दोन दिव्यांची खोलीही एक मीटर आणि पाणीपुरवठ्याचं केंद्रही एक मीटरच. पुढच्या दरनिश्चितीच्या जाहीर सुनावणीत दराइतकाच हा क्रमही हरकतींच्या कागदावर यायला हवा. हरकत मराठीत लिहिता येते आणि तिला वकील लागत नाही.